चकलीची काचपेटी

नातीच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठ्या शब्दकोशात ठेवलं होतं, म्हणजे हरवू नये आणि सारखं नजरेसही पडू नये. नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी बत्तीस वर्षं गेली. पुस्तकं परत न करणाऱ्यांना मी शेकड्यांनी स्मरणपत्रं लिहिली असतील. तरी या एका कागदाचं उत्तर जमेना. तीनदा बसलो. पहिल्या मसुद्यात 'हो' लिहिलं, ते खोटं वाटलं. दुसऱ्यात 'नाही' लिहिलं, ते लिहून झाल्यावर वाचवेना. तिसऱ्यात फक्त टेक्सासमधल्या शुगर लँडच्या, म्हणजे आता मी मुलाकडे राहतो त्या गावच्या, हवेविषयी लिहिलं आणि तोही कागद फाडला.

पत्र उपासनाचं, माझ्या मुलाच्या मुलीचं. अठराव्या वर्षी ती ऑगस्टात व्हर्जिनियाला कॉलेजला गेली. लहानपणी दर रविवारी सकाळी मी तिला बाराखडी गिरवायला बसवायचो आणि ती वैतागून पेन्सिलीचं टोक मोडायची. मराठीत तिने लिहिलेलं हे पहिलंच पत्र.

'प्रिय आजोबा, जय भीम. मी इथे ठीक आहे. जेवण वाईट आहे. एक विचारायचं आहे. चकलीला तुम्ही सांभाळाल का? आई हो म्हणाली पण ती करणार नाही. तुम्हाला तिची किळस येते हे मला माहीत आहे. किळस आली तरी चालेल. पण खरं सांगा. नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. अर्विंगच्या ऋषीकडे दोन साप आहेत, तो तिलाही नेईल. खरं सांगा. उपासना.'

'खरं सांगा' दोनदा होतं.

चकली म्हणजे साप. आफ्रिकेतली एक लहान अजगराची जात. मनगटाएवढी जाड, चार फुटांच्या आत. घाबरली की वेटोळं घालून मधोमध डोकं खुपसते. पहिल्या दिवशी उपासनाने ते पाहिलं आणि हे नाव ठेवलं. त्यानंतरच्या एकाही दिवाळीत मला फराळातली चकली उचलवली नाही. माझी सून अपर्णा समजते की माझे दात गेले, म्हणून ती मला चिवडा भिजवून देते.

मला चकलीची भीती वाटत नव्हती. भीती असती तर ती सांगता आली असती. किळस यायची. पापणी नसलेल्या त्या डोळ्यांची. पाय नसताना अंगातून शेपटाकडे सरकत जाणाऱ्या त्या लाटेची. ओला मोजा उलटा काढून फेकावा तशी ती कात टाकायची, त्या कातीची. आणि तिच्या विष्ठेचा खडूसारखा पांढरा गोळा व त्याभोवतीचा पिवळट डाग, त्याची तर फारच. ज्या दिवशी तिची काचपेटी साफ व्हायची त्या दिवशी मी आमटीभाताला हात लावत नसे.

माझी आई नागपंचमीला भिंतीवर गंधाने नाग काढायची, त्याला हळद लावायची, पुढे लाह्या आणि दुधाची वाटी ठेवायची. छप्पन साली ऑक्टोबरात आम्ही दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी तिने देव्हाऱ्यातलं सगळं टोपलीत भरलं, त्यात वीतभर पितळी नागही होता, आणि ते नाग नदीत नेऊन सोडलं. परत आली तेव्हा तिचे तळहात हळदीने पिवळे झाले होते आणि ती ते अंगणातल्या मातीने घासत बसली. त्यानंतर आमच्या घरात हळद दोनच ठिकाणी राहिली, भाजीत आणि जखमेवर.

शुगर लँडच्या आसपास आमची पंधरा-वीस कुटुंबं होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी वंदना व्हायची आणि मग कुणीतरी बोलायचं. बहुतेकदा मीच, कारण मला वेळ होता. माझा विषय अंधश्रद्धा. एकदा मात्र मी मुचलिंद नागावर बोललो, जो पावसात बुद्धाच्या डोक्यावर फणा धरून राहिला. बोलताना अंगावर काटा आला. श्रोत्यांना तो श्रद्धेचा वाटला आणि मी तसं वाटू दिलं.

तर उत्तर मी दिलं नाही, आणि उपासनाने न दिलेल्या उत्तराचा अर्थ 'हो' असा घेतला. फोनवर कुशल, माझा मुलगा, तिला सांगायचा की आजोबा बघतात. बघायचा खरं तर तोच. मी फक्त पाण्याचं भांडं बदलायचो, तेही मान वळवून. नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीने कुशलला सहा आठवड्यांसाठी व्हेनेझुएलाला पाठवलं आणि त्याच आठवड्यात उत्तरेकडून थंडीची पहिली लाट आली. दुपारी घाम होता, संध्याकाळी स्वेटर. त्या संध्याकाळीच पेटीवरचा ऊब देणारा दिवा गेला.

उपासनाच्या खोलीत सापांविषयी एक पातळ पुस्तक होतं, ते मी वाचून काढलं. सापाला स्वतःची ऊब नसते, असं त्यात होतं. म्हणून पेटीची एक बाजू अठ्ठ्याऐंशी ते नव्वद अंश फॅरनहाइट आणि दुसरी अठ्ठ्याहत्तर-ऐंशी ठेवायची. साप आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. वाक्य मला आवडलं. पेटीत पाहिलं तर दोन्ही बाजूंना अडुसष्ट अंश होते आणि चकली एका कोपऱ्यात दगडासारखी पडली होती.

अपर्णा मला गाडीने पाळीव प्राण्यांच्या दुकानात घेऊन गेली. ती इस्पितळात फार्मसिस्ट आहे. अकरा तासांची पाळी करून आली होती. दुकानातल्या तरुणाने एक सिमेंटचा दगड दिला. त्यातून वायर निघाली होती, भिंतीत लावली की दगड आतून तापतो. माझ्या वाचनात दगडाचा उल्लेख नव्हता. विचारावं असं मनात आलं, पण तो मुलगा इतक्या खात्रीने बोलत होता की मला माझ्या पुस्तकाचीच शंका वाटली. परतताना अपर्णा म्हणाली, "बाबा, मी ऋषीला फोन करते. शनिवारी येऊन घेऊन जाईल. उपासनाला मी समजावते, यू डोन्ट हॅव टू डू धिस."

मी म्हणालो, "तिला उत्तर द्यायचंय अजून."

"कशाचं उत्तर?"

पत्राचं तिला ठाऊक नव्हतं. मी दगड मांडीवर घेऊन त्याची वायर गुंडाळू लागलो.

दगड मी पोळ्यांच्या चिमट्याने पेटीत ठेवला. तो चिमटा अपर्णाने नंतर कचऱ्यात टाकला. मग कपाटातून जाड सोलापुरी चादर काढली आणि पेटीच्या चारही बाजूंनी आणि वरून सोडली. अपर्णाला सांगितलं, ऊब आत राहील. कारण दुसरं होतं. पेटी बसायच्या खोलीत माझ्या खुर्चीसमोर होती. वाचताना डोळे वर केले की ते वेटोळं दिसायचं, आणि पुस्तकातल्या ओळीही मग सरकल्यासारख्या वाटायच्या. चादर पडल्यावर मी चार दिवस खूप वाचलं. पाणी बदलायला कोपरा उचलायचो, हात घालायचो आणि कोपरा सोडायचो. इतका आराम मला वर्षभरात मिळाला नव्हता.

सहा डिसेंबर शनिवारी आला. त्या वर्षी महापरिनिर्वाणदिनाची वंदना आमच्याकडे होती, चार वाजता. अपर्णा तीनपर्यंत कामावर. फोटो पुसून मी टेबलावर ठेवला, मेणबत्त्या लावायच्या बाकी होत्या. भाषणाची पानं खिशात होती. एकच्या सुमाराला मला वास आला.

आधी वाटलं, गॅसवर काही राहिलं. गॅस बंद होता. वास चादरीतून येत होता. करपलेल्या केसांसारखा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, सडकं. मी चादर ओढली.

चकली दगडाला विळखा घालून पडली होती. थंडीत तिला ऊब मिळाली ती तेवढीच, म्हणून ती तिथून हलली नव्हती. पेटीत हवा गार आणि दगड पोळणारा. सरकून जायला मधली जागाच नव्हती. मी दगडाची पिन काढली. चिमट्याच्या जागी आता एक लाकडी पळी होती, तिने चकलीला ढकललं. पोटाची बाजू वर आली. पांढरे खवले तपकिरी झाले होते, दोन जागी फुगून फुटले होते आणि त्यातून पाणी गळत होतं. एक खवला दगडालाच चिकटून राहिला.

मला ओकारी आली. मी भिंतीला धरून उभा राहिलो. वाटलं, अपर्णा येईपर्यंत पुन्हा चादर टाकावी. चादर हातातच होती.

मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि वाटीत खोबरेल तेल ओतून त्यात हळद कालवली. विचार करून केलं नाही. भाजलं की हळद, हे हातालाच माहीत होतं. परत येऊन पेटीचं झाकण पुरतं काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सापाला हात लावला. तो ओला असेल असं मला सत्तर वर्षं वाटत होतं. ओला नव्हता. कोरडा, गार, आणि आत काहीतरी आवळत-सैल होत जाणारं. फुटलेली जागा मात्र ओली होती आणि माझं बोट तिच्यात थोडं रुतलं. मी डोळे मिटून हळद लावत गेलो.

मागचं दार उघडं होतं. लहूजी आणि प्रतिमाबाई घडीच्या खुर्च्या घेऊन तिथूनच आत आले. लहूजी कामठीचे, माझ्याच वयाचे, मुलाकडे राहतात. प्रतिमाबाई ह्यूस्टनच्या एका इस्पितळात नर्स. दोघंही खुर्च्या हातात धरून थांबले.

त्यांना दिसलं ते असं: टेबलावर फोटो, न लावलेल्या मेणबत्त्या, आणि मी गुडघ्यावर बसून पिवळ्या बोटांनी सापाला हळद लावतोय.

"काय राजेहो ग्रंथपाल," लहूजी म्हणाले, "डिसेंबरात नागपंचमी?"

मी वाटीत बोट बुडवून हळद लावतच राहिलो.

"हळद झाली. कुंकू कुठंय? लाह्या सांगा, मी आणतो." ते हसत होते, पण मग त्यांनी फोटोकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "आज अंधश्रद्धेवर तुम्हीच बोलणार आहात ना जी?"

प्रतिमाबाईंनी खुर्ची खाली ठेवली आणि पेटीजवळ आल्या. "लहूकाका, थांबा जरा. हे भाजलंय." मग माझ्याकडे वळून, "तेल लावलंत होय? तेलाने आग आतच राहते, काका. उठा. कोमट पाणी कुठे मिळेल?"

न्हाणीघरातल्या टबमध्ये त्यांनी बोटभर पाणी सोडलं आणि मला साप धरायला लावलं. त्यांनी स्वतः धरला नाही; पाणी ओतायला मोकळा हात हवा, असं म्हणाल्या. वीस मिनिटं मी टबाच्या काठावर वाकून होतो. चकलीने माझ्या मनगटाला विळखा घातला आणि तो हळूहळू आवळत नेला, जसं ब्लडप्रेशरचं फडकं आवळतं. हळद पाण्यात सुटून पिवळे ढग होत होते. त्या पाण्याचाही वास येत होता. मी तोंडाने श्वास घेत राहिलो.

पेटीशेजारी पडलेली चादर त्यांनी पाहिली होती; ती का टाकली, ते त्यांनी विचारलं. मी ऊब वगैरे म्हणालो आणि मग खरं कारण सांगितलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं आणि फार क्षुद्र वाटलं.

प्रतिमाबाई पाणी ओतत होत्या. वीस वर्षं त्यांनी भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डात काढली होती. "किळस मलाही येते, काका," त्या म्हणाल्या. "अजून येते. आली की हात धुवायचे. पेशंट झाकून ठेवायचा नाही."

त्यांनीच प्राण्यांच्या डॉक्टरला फोन केला. लहूजींचा मुलगा गाडी घेऊन आला आणि आम्ही चकलीला उशीच्या अभ्र्यात घालून नेलं. तरुण डॉक्टरीणबाईने जखमा साफ केल्या, मलम दिलं, दोन आठवडे दिवसातून दोनदा लावायला सांगितलं. अशा दगडांनी भाजलेले अनेक साप तिच्याकडे येतात, असं म्हणाली. जगेल का, असं मी विचारलं. खाल्लं तर जगेल, ती म्हणाली.

वंदना पाच वाजता सुरू झाली. मी भाषणाची पानं काढली. हळद साबणाने जात नाही. पान उलटताना दरवेळी माझी पिवळी बोटं सगळ्यांना दिसत होती. लहूजींनी तोवर बऱ्याच जणांना सांगितलं होतं. दुसऱ्या पानावर कुणीतरी हसलं आणि मी वाचायचं थांबवलं. बसलो. लहूजींनी उठून दोन शब्द बोलून सांभाळून घेतलं. जेवताना ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले की त्यांच्याही घरी भाजलं तर हळदच लावतात, फक्त माणसाला. मी हसलो.

रविवारी पेटी पहिल्यापासून मांडली. प्रतिमाबाईंच्या सांगण्यावरून अपर्णा काचेखाली बाहेरून चिकटवायची गरम पट्टी घेऊन आली, आणि ठरल्या उष्णतेला ती बंद करणारं यंत्र. पट्टी फक्त डाव्या बाजूला. दोन थर्मामीटर, एक इकडे, एक तिकडे. बुटांची दोन खोकी दार कापून पालथी घातली, म्हणजे दोन्हीकडे लपता येईल. भुशाऐवजी कागद, जखमेत काही जाऊ नये म्हणून. चादर धुऊन कपाटात ठेवली आणि माझी खुर्ची होती तिथेच ठेवली, पेटीच्या समोर. ग्रंथालयातल्या सवयीप्रमाणे एका कोऱ्या कार्डावर मी दर तीन तासांनी दोन्हीकडचे अंश लिहू लागलो. डावीकडे ८९, उजवीकडे ७९. तिसऱ्या दिवशी चकली आपणहून डावीकडून उजवीकडे गेली. पुस्तकातलं ते वाक्य पेटीत असं दिसत होतं. पाहायला मात्र ते छान नव्हतं.

सकाळ-संध्याकाळ मलम. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही. प्रत्येक वेळी जखमेची साल बोटाला लागायची. पांढरा गोळाही आता मीच कागदात गुंडाळून टाकायचो. मग बेसिनशी जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचो. बावीस तारखेला उपासना सुट्टीला घरी येणार होती आणि चकलीने अजून काही खाल्लं नव्हतं. नऊ तारखेला नाही, तेराला नाही. उत्तर लिहायचं ते काय लिहायचं, हे तिच्या खाण्यावर अडलं होतं.

सोळाला मी पुन्हा फ्रीझरमधून उंदीर काढला. अपर्णाच्या मेथीच्या आणि खोवलेल्या नारळाच्या पिशव्यांमागे ते एका डब्यात असतात, पांढरे, गोठलेले, पाय पोटाशी घेतलेले. वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासात गरम पाणी ओतून त्यात सोडला. तो हळूहळू मऊ झाला, केस पाण्यात पसरले, आणि ओल्या कुत्र्यासारखा वास सुटला. लांब चिमट्याने शेपटीला धरून पेटीत नेला.

चकलीने जीभ बाहेर काढली. मग खोक्यातून डोकं. किती वेळ गेला कळलं नाही; मी चिमटा हलवत राहिलो, म्हणून उंदीरही हलत होता. ती झेपावली तेव्हा मी चिमटा सोडून दिला. तिने त्याला तीन विळखे घातले, मेलेल्यालाच आवळलं, मग जबडा निखळल्यासारखा उघडला आणि डोक्याकडून आत घेऊ लागली. मी खुर्चीत बसून पाहिलं. मागचे पाय आणि शेपूट बराच वेळ बाहेर होते. शेपूट शेवईसारखं आत गेलं. गळ्यातला फुगवटा पोटाकडे सरकला, जखमांवरून पुढे गेला.

मी बेसिनशी जाऊन ओकलो. मग हात धुतले, चूळ भरली, शब्दकोशातून पत्र काढलं आणि लिहायला बसलो. या वेळी एकच मसुदा झाला.

'प्रिय उपासना, जय भीम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लावले. तू खरं सांगा म्हणालीस, म्हणून आधी हे: चकली भाजली. चूक माझी. मला ती दिसू नये म्हणून मी पेटीवर चादर टाकली होती, त्यामुळे चार दिवस कळलं नाही. पोटावर दोन डाग कायमचे राहतील. तू आल्यावर दिसतील. फोनवर आणि समोर मला सांगवलं नसतं, म्हणून पत्र तू तिथून निघण्याआधी पोचावं असं बघतो आहे. आज तिने खाल्लं. डावीकडे ८९ अंश आहेत, उजवीकडे ७९. तू लिहिलंस, मला तिची किळस येते. येते. रोज येते, आणि ती जाईल असं वाटत नाही. तू विचारलंस, सांभाळाल का. हो. आजोबा.'

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही. पाकीट बंद करताना पाहिलं, अंगठ्याच्या नखाच्या कडेला अजून थोडी हळद होती. बाहेर वारा बोचरा होता. रस्त्याकडेच्या आमच्या पत्रपेटीत पाकीट ठेवलं, न्यायचं पत्र आहे याची खूण म्हणून बाजूची लाल झेंडी वर केली आणि तिथेच थांबलो. पोस्टाची गाडी आली. गाडीतल्या बाईने बसल्या जागेवरून हात लांब करून पाकीट घेतलं आणि झेंडी खाली पाडली.